‘संवेदना’ : विविध ज्ञानशाखांतील विचार आणि मराठी समीक्षेतील एक संज्ञा

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी समीक्षेत ‘संवेदना’ आणि तिच्यापासून सिद्ध झालेले ‘संवेदनशीलता’, ‘संवेदनस्वभाव’, ‘संवेदनविश्व’ हे शब्द विपुल प्रमाणात वापरले जातात. ‘नवी संवेदना’, ‘ग्रामीण संवेदना’, ‘दलित संवेदना’, ‘स्त्रीवादी संवेदना’ असे शब्दप्रयोग प्रबंधांच्या शीर्षकांतून आणि प्रश्नपत्रिकांतून नित्य आढळतात. मात्र या प्रयोगांतील ‘संवेदना’ म्हणजे नेमके काय, याचे विवरण सहसा केले जात नाही. कधी ती इंद्रियांच्या द्वारे होणारी जाणीव असते, कधी भावना असते, कधी जीवनदृष्टी असते, तर कधी केवळ सहानुभूती असते. शोकसभांतून व्यक्त होणारी ‘संवेदना’ आणि प्रयोगशाळेत मोजली जाणारी ‘संवेदना’ यांत नावापलीकडे फारसे साम्य उरलेले नाही.

एखाद्या संज्ञेचे अनेक अर्थ असणे हा स्वतःच दोष नव्हे. ते अर्थ एकमेकांत मिसळले आणि त्या मिश्रणातून निष्कर्ष काढले गेले, म्हणजे मात्र अडचण निर्माण होते. मानवी संवेदनेचा विचार शरीरविज्ञान, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, मानवशास्त्र आणि इतिहास अशा अनेक ज्ञानशाखांनी केलेला आहे. त्या प्रत्येकीने संवेदनेचा एकेक स्तर प्रकाशात आणला आहे. हे स्तर कोणते, मराठी भाषेत आणि मराठी ग्रंथांत त्यांचे कोणते पुरावे मिळतात आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यांचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी शब्दाचाच विचार करणे इष्ट ठरेल. ‘वेदना’, ‘संवेदना’, ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे सर्व शब्द ‘विद्‌’ म्हणजे जाणणे या धातूशी संबद्ध आहेत. बौद्ध तत्त्वज्ञानात ‘वेदना’ हा पाच स्कंधांपैकी एक असून सुखद, दुःखद आणि या दोन्हींहून वेगळी, म्हणजे उदासीन, असे तिचे तीन प्रकार मानलेले आहेत. मराठीत आज ‘वेदना’ या शब्दाचा अर्थ केवळ दुःखद संवेदनेपुरता संकोचला आहे. मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेतही इंद्रियाला होणारी प्राथमिक जाणीव आणि तिला मनाने दिलेला अर्थ या दोन अवस्थांसाठी ‘वेदन’, ‘संवेदन’, ‘अवबोध’ असे शब्द ग्रंथपरत्वे वेगवेगळ्या रीतीने योजलेले आढळतात. थोडक्यात, समीक्षकाच्या हाती जी संज्ञा येते ती मुळातच अनेक परंपरांच्या खुणा वागवीत येते.

२. मोजता येणारी संवेदना : शरीरविज्ञान व मानसशास्त्र

संवेदनेचे मापन करता येते, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत रुजली. लाइपझिग येथील एर्न्स्ट वेबर याने १८३४ मध्ये स्पर्शसंवेदनेवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हातातील वजनात किती भर घातली असता ती जाणवते, हा त्याचा प्रश्न होता. जाणवण्यासाठी लागणारी भर ठरावीक नसून ती मूळ वजनाच्या प्रमाणात वाढते, असे त्याला आढळले. मूठभर धान्यात चिमूटभर घातलेली भर हाताला कळते. गोणीत तेवढीच भर घातली तर ती कळत नाही. गुस्ताव फेख्नर याने १८६० मध्ये याच निष्कर्षाला गणिती रूप देऊन बाह्य उद्दीपक आणि आंतरिक संवेदना यांच्यातील संबंधाचे शास्त्र उभारले. पुढे १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट याने लाइपझिगमध्येच मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. संवेदना हा चिंतनाचा विषय होता, तो आता प्रयोगाचाही झाला.

या संशोधनातून साहित्याभ्यासाला उपयुक्त असे दोन मुद्दे निष्पन्न होतात. पहिला असा की, संवेदना ही वस्तूची हुबेहूब नक्कल नसते. ती तुलनात्मक असते. इंद्रिये निरपेक्ष प्रमाण सांगत नाहीत, भेद सांगतात. दुसरा मुद्दा शरीरावरील संवेदनक्षमतेच्या वाटपाचा आहे. त्वचेवर दोन टोके किती अंतरावर टेकवली असता ती दोन म्हणून ओळखता येतात, हे वेबरने तपासले. बोटाच्या टोकाशी हे अंतर काही मिलिमीटरांचे, तर पाठीवर काही सेंटीमीटरांचे भरते. म्हणजे स्पर्श हा सर्वांगाला सारखा वाटलेला नाही. बोटे आणि ओठ यांना त्याचा मोठा वाटा मिळालेला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधनाची दिशा पेशींच्या आणि रेणूंच्या पातळीकडे वळली. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवाच्या नाकात कार्यक्षम गंधग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार असतात, तर रंगदृष्टीसाठी डोळ्यात शंकुपेशींचे तीनच प्रकार असतात. गंधाला भाषेत नाव देणे रंगाला नाव देण्याहून कठीण का जाते, या प्रश्नाचा विचार करताना ही विषमता लक्षात ठेवावी लागते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक रंजक शोध डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेतील आहे. मिरचीतील तिखट द्रव्य शरीरातील ज्या ग्राहकाला उद्दीपित करते, तो ग्राहक १९९७ मध्ये निश्चित झाला. आणि तोच ग्राहक दाहक उष्णतेनेही उद्दीपित होतो, असे सिद्ध झाले. या संशोधनासाठी ज्यूलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. म्हणजे तिखट ही शरीरविज्ञानाच्या काटेकोर अर्थाने चव नव्हे. ती दाहाची संवेदना आहे. मिरची खाल्ल्यावर ‘तोंडाची आग झाली’ असे म्हणणारा मराठी भाषक अलंकार योजत असतो असे आजवर वाटत आले. प्रत्यक्षात तो शरीरात जे घडते त्याचे बऱ्यापैकी अचूक वर्णन करीत असतो. जे रूपक भासते त्याच्या मुळाशी कधी कधी शारीर वास्तव असते, हा या उदाहरणाचा बोध होय.

३. आस्वादाची परंपरा : तत्त्वज्ञान व सौंदर्यशास्त्र

भारतीय दर्शनांनी संवेदनेचा विचार ज्ञानाचे साधन म्हणून केला. न्यायदर्शनात इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षातून प्रत्यक्ष ज्ञान होते असे मानले आहे. त्यातही नाव, जाती इत्यादींनी युक्त नसलेले ‘निर्विकल्पक’ आणि त्यांनी युक्त असे ‘सविकल्पक’ असा भेद केला आहे. आधुनिक मानसशास्त्रातील प्राथमिक संवेदना आणि अर्थयुक्त अवबोध यांच्यातील भेदाशी तो ताडून पाहण्याजोगा आहे. मात्र दोहोंची प्रयोजने भिन्न असल्याने त्यांचे समीकरण मांडणे योग्य ठरणार नाही.

याहून महत्त्वाचा फरक कलाविचारात दिसतो. पाश्चात्त्य परंपरेत दृष्टी आणि श्रवण या इंद्रियांना श्रेष्ठ मानण्याकडे कल राहिला. हेगेलने कलेचा संबंध या दोनच इंद्रियांशी जोडून गंध, रस आणि स्पर्श यांना कलेच्या क्षेत्राबाहेर ठेवले. भारतीय काव्यशास्त्राची मध्यवर्ती संज्ञा मात्र जिभेवरून आलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रसाचे स्पष्टीकरण नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाच्या दृष्टांताने केलेले आहे, आणि अभिनवगुप्ताने ‘चर्वणा’ हा शब्द आस्वादप्रक्रियेसाठी योजला आहे. रस ही संवेदना नव्हे हे खरे; पण ज्या अनुभवाच्या नमुन्यावर ती कल्पना उभी राहिली, तो वस्तूला दुरून पाहण्याचा नसून तिला आत घेण्याचा आहे.

बाउमगार्टेन याने १७३५ मध्ये ज्या शास्त्राला नाव दिले त्याचा मूळ ग्रीक शब्द इंद्रियजन्य जाणिवेचा वाचक होता. त्या शास्त्रासाठी मराठीत ‘सौंदर्यशास्त्र’ हा पर्याय रूढ झाला, आणि इंद्रियांशी असलेले त्याचे नाते नावातून तरी लुप्त झाले. ते नाते मराठीत पुन्हा ठामपणे प्रस्थापित करण्याचे श्रेय बा. सी. मर्ढेकर यांच्याकडे जाते. १९३७ मधील ‘आर्ट्स अँड मॅन’ या इंग्रजी पुस्तकापासून १९५५ मधील ‘सौंदर्य आणि साहित्य’पर्यंत मर्ढेकरांनी एक सूत्र सातत्याने मांडले. प्रत्येक कलेचे विशिष्ट माध्यम असते. संगीताचे ध्वनिसंवेदना, चित्रकलेचे रंगसंवेदना. या संवेदनांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी निर्माण होणारी रचना म्हणजे सौंदर्य. साहित्याच्या बाबतीत मात्र शब्दाचा नाद हे माध्यम नसून भावनात्मक अर्थ हे माध्यम होय, अशी त्यांची भूमिका होती.

मर्ढेकरांच्याच काळात के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात रसव्यवस्थेची मॅक्डूगलप्रभृतींच्या मानसशास्त्राशी सांगड घातली होती. त्या विवेचनाचा भर सहजप्रवृत्ती आणि भावना यांवर होता. मर्ढेकरांनी विचाराचा केंद्रबिंदू भावनेकडून संवेदनेकडे आणि संवेदनेकडून संवेदनांमधील संबंधांकडे नेला. या उपपत्तीची चिकित्सा पुढे विस्ताराने झाली. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलाविचारातील अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांचे विवरण केले. संवेदनांच्या रचनेला स्वायत्त मानणारी उपपत्ती अर्थातच त्यांपैकी पहिल्या ध्रुवाकडे झुकते. येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. व्यवहारापासून अलग काढलेली, केवळ स्वतःसाठी अनुभवलेली संवेदना हा सार्वत्रिक मानवी अनुभव आहे काय? की असा अलिप्तपणा विशिष्ट परिस्थितीतच शक्य होतो? या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यशास्त्राच्या कक्षेत मिळत नाही; त्यासाठी भाषेकडे आणि समाजाकडे वळावे लागते.

४. भाषेतील संवेदना : ‘लागणे’, ‘वाजणे’ आणि ‘शिवणे’

सर्व भाषा संवेदनांना सारख्याच रीतीने शब्दरूप देतात काय, हा भाषाविज्ञानातील बहुचर्चित प्रश्न आहे. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये मूलभूत रंगनामांच्या विकासाचा एक सार्वत्रिक क्रम असल्याचे प्रतिपादन केले. गंधाच्या बाबतीत मात्र मानवी भाषा स्वभावतःच दरिद्री असतात असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. असिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी मलाय द्वीपकल्पातील जहाई भाषेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ते भाषक गंधांना रंगांइतक्याच सहजतेने नावे देतात असे त्यात दिसून आले. पुढे २०१८ मध्ये माजिद आणि सहकाऱ्यांनी वीस भाषांची तुलना करून इंद्रियांची सार्वत्रिक उतरंड मानता येत नाही, असा निष्कर्ष काढला.

या दृष्टीने मराठीची तपासणी फलदायी ठरेल. खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, मातकट, उग्र, दरवळ, घमघमाट, भपकारा, दर्प ही शब्दसंपदा पाहता गंधाच्या बाबतीत मराठी दरिद्री आहे असे म्हणवत नाही. यांतील ‘खवट’, ‘करपट’ हे शब्द एकाच वेळी गंध आणि चव या दोहोंना लागू पडतात, आणि पदार्थाचे काय बिघडले याची माहितीही देतात. ते अनुभवाचे वर्णन करतात तसेच कारणाचे निदानही करतात. ही बहुधा स्वयंपाकघराने घडवलेली परिभाषा आहे, आणि ती प्रामुख्याने स्त्रियांच्या ज्ञानाची परिभाषा असावी, हा मुद्दा स्वतंत्र अभ्यासाची अपेक्षा करतो.

चवीच्या क्षेत्रातील अर्थांतर याहून लक्षणीय आहे. आयुर्वेदातील सहा रसांपैकी ‘कटु’ म्हणजे मिरीसारखा झोंबणारा आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखा. मराठीत ‘कटु’पासून आलेला ‘कडू’ हा शब्द नेमका तिक्त रसाचा वाचक झाला आणि झोंबणाऱ्या रसासाठी ‘तीक्ष्ण’शी नाते सांगणारा ‘तिखट’ हा शब्द रूढ झाला. परिणामी संस्कृत ग्रंथातील ‘कटु’ वाचताना मराठी विद्यार्थ्याच्या मनात चुकीची चव उभी राहते. प्राचीन पाठाचा अर्थ लावताना संवेदनवाचक शब्दांचा इतिहास किती आवश्यक असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास मराठीत हेतुपुरस्सर केलेली इंद्रियक्रिया आणि आपोआप घडणारी संवेदना यांत नियमित भेद केला जातो. ‘मी पाहतो’ आणि ‘मला दिसते’. ‘मी ऐकतो’ आणि ‘मला ऐकू येते’. ‘मी वास घेतो’ आणि ‘मला वास येतो’. ‘मी चाखतो’ आणि ‘मला आंबट लागते’. दुसऱ्या प्रकारच्या रचनेत अनुभव घेणारा कर्ता राहत नाही. संवेदना त्याच्याकडे येते. यांतील ‘लागणे’ हे क्रियापद विशेष विचारार्ह आहे. दगड लागतो, ऊन लागते, तहान लागते, आंबट लागते आणि एखाद्याचे बोलणेही मनाला लागते. स्पर्श, चव, शारीरिक गरज आणि मानसिक आघात यांना मराठीने एकाच क्रियापदात गुंफले आहे. चव हा जिभेला होणारा स्पर्शच होय, अशी एक सुप्त कल्पना या प्रयोगात वावरते.

एका इंद्रियाच्या क्षेत्रातील शब्द दुसऱ्या इंद्रियासाठी वापरण्याचा प्रकार सर्व भाषांत आढळतो. स्टीफन उलमान याने युरोपीय कवींच्या प्रतिमांवरून असा नियम सुचवला की, असे संक्रमण सामान्यतः स्पर्शासारख्या ‘निम्न’ इंद्रियाकडून श्रवणासारख्या ‘उच्च’ इंद्रियाकडे होते. ‘मऊ आवाज’, ‘गोड गळा’, ‘खरखरीत स्वर’, ‘तिखट बोल’ ही मराठी उदाहरणे या नियमाला पोषक आहेत. परंतु ‘थंडी वाजते’ या नित्याच्या प्रयोगात नादवाचक क्रियापद त्वचेच्या संवेदनेसाठी योजलेले आहे. ‘झणझणीत’ हा ‘झणझण’ या अनुकरणवाचकावरून आलेला शब्द चवीसाठी रूढ आहे. युरोपीय सामग्रीवर आधारलेला नियम मराठीला लावण्यापूर्वी तो मराठी सामग्रीवर तपासून पाहणे किती अगत्याचे आहे, हे यातून ध्यानात येते.

दुखण्याच्या वर्णनातही अशीच विविधता आहे. रोनाल्ड मेल्झॅक याने १९७५ मध्ये रुग्णांच्या शब्दांवर आधारित वेदनामापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदनेला केवळ तीव्रता नसते, प्रकारही असतात, आणि ते प्रकार रुग्णाच्या भाषेत सापडतात, हे तिचे गृहीतक होय. ठणकणे, ठसठसणे, सणक भरणे, चमक मारणे, कळ येणे, चुरचुरणे, भगभगणे, हुळहुळणे हे मराठी शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. पिकलेले गळू ठसठसते, जखम चुरचुरते आणि पाठीत चमक भरते. या शब्दांचा नेमका संग्रह झाला तर तो भाषाभ्यासकाइतकाच वैद्यालाही उपकारक ठरेल.

मात्र संवेदनवाचक शब्द केवळ शरीराचेच वृत्त सांगत नाहीत. ‘शिवणे’ या क्रियापदाचा इतिहास या दृष्टीने अत्यंत बोलका आहे. प्राकृत वैयाकरण हेमचंद्र याने ‘स्पृश्‌’ धातूसाठी दिलेल्या आदेशांत ‘छिव’ हा एक आहे; मराठीतील ‘शिवणे’ त्याच्याशी जोडले जाते. अर्थदृष्ट्या ‘शिवणे’ आणि ‘स्पर्श करणे’ समान मानता येतील. परंतु व्यवहारात तसे नाही. ‘शिवाशीव’ या शब्दात जातिव्यवस्थेचा, ‘कावळा शिवणे’ या प्रयोगात मासिक पाळीच्या विटाळाचा आणि पिंडाला कावळा शिवण्यात मृत्युसंस्काराचा निर्देश आहे. त्वचेची एक प्राथमिक संवेदना आणि शुद्धाशुद्धतेची सामाजिक व्यवस्था एकाच क्रियापदात कशी सामावते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

५. गोदाकाठचा पुरावा : ज्ञानेश्वरीतील इंद्रियांचे भांडण

गंगापूर तालुक्यातील कायगावहून गोदावरी ओलांडली की प्रवरासंगम लागतो आणि पुढे नेवासे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी याच नेवाशात भावार्थदीपिका सिद्ध केली. या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मराठी बोलाचे जे वर्णन येते, ते संवेदनेच्या अभ्यासकाने अवश्य अभ्यासावे असे आहे.

तेथे शब्दाच्या रसाळपणामुळे इंद्रियांत कलह माजतो. शब्द हा वस्तुतः कानाचा विषय. पण जीभ त्यातील रसावर हक्क सांगते, नाकाला त्यात परिमळ जाणवतो, डोळ्यांना त्याची आकृती दिसते, मन बाहेर धाव घेते आणि बाहू आलिंगनासाठी पुढे सरसावतात. सूर्य एकटाच साऱ्या जगाला जागे करतो, त्याप्रमाणे एकच शब्द या सर्वांचे समाधान करतो. याच अध्यायात पुढे, जे इंद्रियांच्या पलीकडे आहे त्याचाही भोग इंद्रियांकरवी घडवीन, अशी प्रतिज्ञा येते.

या स्थळाचे वर्णन ‘इंद्रियसंकर’ या नावाने करून थांबणे पुरेसे नाही. काही व्यक्तींना स्वर ऐकताच रंग दिसतात. या अनैच्छिक आणि स्थिर स्वरूपाच्या अनुभवाचा मानसशास्त्राने एकोणिसाव्या शतकापासून अभ्यास केला आहे. ज्ञानेश्वरीतील वर्णन या प्रकारचे नाही. ती जाणीवपूर्वक केलेली रचना आहे, आणि तिला एक वैचारिक प्रयोजन आहे. ज्या काळी गीतार्थाचे विवरण संस्कृतात होत होते त्या काळी लोकभाषेची योग्यता सिद्ध करण्यासाठी ज्ञानेश्वरांनी तर्क योजला नाही, तर श्रोत्याच्या संपूर्ण शरीराला साक्षीस बोलावले. शिवाय ज्या अध्यायाचा विषय योगाभ्यास आणि इंद्रियनिग्रह आहे, त्याच्याच प्रारंभी इंद्रियांचा हा उत्सव यावा, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. इंद्रियांचा निषेध न करता त्यांनाच अतींद्रियाच्या भेटीला नेणे, ही भूमिका तेथे कृतीत उतरलेली दिसते.

मर्ढेकरांनी शब्दाच्या इंद्रियगम्य बाजूला साहित्याच्या माध्यमातून वगळले; ज्ञानेश्वरांच्या वर्णनात शब्द पाचही इंद्रियांना पुरून उरतो. दोहोंमध्ये सुमारे साडेसहा शतकांचे अंतर आहे आणि दोघांचे प्रश्नही वेगळे आहेत. तथापि मराठीत साहित्य आणि संवेदना यांच्या संबंधाचा विचार केवळ परकीय उपपत्तींच्या आगमनानंतर सुरू झाला, हा समज या स्थळामुळे टिकत नाही.

६. संवेदनेचा समाज : स्पर्श, चव आणि दलित लेखन

इतिहासकार आणि मानवशास्त्रज्ञ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संवेदनेला सामाजिक इतिहास असतो, हा मुद्दा पुढे आणला. आलँ कोर्बँ याने १९८२ मध्ये फ्रान्समधील गंधविषयक कल्पनांचा इतिहास लिहिला. गरिबांचा ‘वास’ ही कल्पना कशी घडत गेली, हे त्यात दाखवले आहे. पियेर बुर्द्यू याने १९७९ मध्ये अभिरुची आणि वर्ग यांचे नाते उलगडले. डेव्हिड हाउझ आणि कॉन्स्टन्स क्लासेन यांनी १९९० च्या दशकात संवेदनांच्या मानवशास्त्राची पायाभरणी केली. इंद्रियांची संख्या, त्यांचा क्रम आणि त्यांचे नीतिमूल्य हे समाजागणिक बदलते, हे या संशोधनाचे सार होय.

महाराष्ट्रात या मुद्द्याला वेगळीच तीव्रता प्राप्त होते. अस्पृश्यता ही संस्था एका इंद्रियाच्या नावाने ओळखली जाते. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने ती नष्ट केली. तथापि तिने घडवलेली स्पर्शाची सवय कायद्याच्या कलमाने एका दिवसात मोडणारी नव्हती. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांनी ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) या ग्रंथात या अनुभवाची तात्त्विक चिकित्सा केली आहे. स्पर्शाचे वैशिष्ट्य असे की, स्पर्श करणारा स्वतःही स्पर्शिला जातो. म्हणून दुसऱ्याला शिवण्याचे नाकारणारा मनुष्य आपल्याच एका इंद्रियाला बधिर करतो. अस्पृश्यता ही प्रथमतः त्याच्या ठायी असते आणि मग ती दुसऱ्यावर लादली जाते, अशा दिशेने सरुक्काई यांचा युक्तिवाद जातो.

या प्रकाशात दलित स्वकथनांचे वाचन बदलते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या ग्रंथांतील भूक, दुर्गंध, शिळे अन्न आणि नाकारलेला स्पर्श यांची वर्णने प्रारंभीच्या समीक्षेत बहुधा ‘दाहक वास्तव’ म्हणून नोंदवली गेली. त्यामुळे ती सामाजिक दस्तऐवजाच्या कोटीत गेली आणि कलाविचार मात्र अन्यत्र चालू राहिला. वस्तुतः तेथे संवेदनेविषयीचे एक मूलभूत प्रतिपादन आहे. व्यवहारापासून अलिप्त होऊन संवेदनेचा आस्वाद घेण्यासाठी पोट भरलेले असावे लागते आणि स्पर्शाची मुभा असावी लागते. ज्याच्या वाट्याला ही मुभा आलेली नाही, त्याच्या लेखनात संवेदना प्रथमपासूनच अर्थाने, अपमानाने आणि सत्तेने भारलेली असते. ती ‘शुद्ध’ नसते, आणि तिचे अशुद्ध असणे हेच तिचे सत्य असते.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाच्या शीर्षकातच आईच्या हातांचे बांबूचे विणकाम आहे आणि लेखिकेने आपल्या लेखनाचे नाते त्या विणण्याशी जोडले आहे. येथे स्पर्श अपमानाचे नव्हे, तर कौशल्याचे आणि वेदनेच्या वारशाचे माध्यम होतो. मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी लिहिलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने चवीच्या क्षेत्रात असेच काम केले. रूढ वचनाला दिलेली कलाटणी शीर्षकातच स्पष्ट आहे. ‘महाराष्ट्रीय चव’ म्हणून जी प्रतिष्ठा पावली तिच्यातून कोणाच्या चुली वगळल्या गेल्या, हा त्या ग्रंथाने उभा केलेला प्रश्न केवळ पाककृतींचा नाही. तो अभिरुचीच्या इतिहासाचा आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, संवेदना पूर्णतः समाजाने घडवलेली मानली तर शरीराचे सार्वत्रिकत्व नाकारले जाते. हा आक्षेप रास्त आहे. भुकेची कळ आणि मिरचीचा दाह सर्व शरीरांना सारखाच असतो. किंबहुना तो सारखा असतो म्हणूनच विषमता अन्याय्य ठरते. स्वकथनांचे सामर्थ्यही याच दुहेरीपणात आहे. वाचकाचे शरीर लेखकाच्या शरीरासारखेच असल्याने त्याला ती संवेदना ओळखीची वाटते, आणि त्याचे सामाजिक स्थान वेगळे असल्यास तिचा अर्थ त्याला अस्वस्थ करतो. शरीरविज्ञान आणि समाजविज्ञान यांपैकी एकाचीच निवड करणाऱ्या समीक्षेला हा परिणाम स्पष्ट करता येणार नाही.

७. अभ्यासाच्या दिशा

वरील विवेचनातून संवेदनेचे चार स्तर वेगळे काढता येतात. पहिला शारीर स्तर. येथे ग्राहक, उंबरठा आणि तीव्रता यांचा विचार होतो. दुसरा मानसिक स्तर. येथे संवेदनेला अवधान, स्मृती आणि अर्थ जोडले जातात. तिसरा भाषिक स्तर. येथे शब्द आणि व्याकरण संवेदनेची विभागणी करतात. चौथा सामाजिक स्तर. येथे कोणी काय पाहावे, काय खावे आणि कोणाला शिवावे याचे नियम ठरतात. साहित्यकृतीत हे चारही स्तर एकत्र येतात. समीक्षकाने ‘संवेदना’ हा शब्द वापरताना आपण कोणत्या स्तराविषयी बोलत आहोत हे स्पष्ट केले, तर पुष्कळसे वाद निदान नेमके होतील. ‘ग्रामीण संवेदना’ म्हणजे ग्रामीण विषय, की ग्रामीण भाषेने केलेली इंद्रियानुभवाची विभागणी, हे सांगितल्याशिवाय त्या संज्ञेला अन्वेषणमूल्य प्राप्त होत नाही.

या दृष्टीने तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना एक अनुकूलता आहे. गंगापूरसारख्या भागात कापूस आणि बाजरी पिकवणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थी भाषिक सामग्रीच्या अगदी निकट असतात. पावसानंतर जमिनीला ‘वाफसा’ आला की नाही, हे शेतकरी माती मुठीत दाबून आणि पायाखाली तुडवून ठरवतो; त्या शब्दात ओल, घट्टपणा आणि योग्य वेळ यांचे एकत्रित ज्ञान आहे. कणीस चिकात आले की हुरड्यात, हे नखाने दाणा दाबून कळते. अशा शब्दांचा अर्थ कोशातील एका ओळीत सामावत नाही; शब्द, तो योजणारी व्यक्ती, कृती आणि प्रसंग यांसह त्याची नोंद करावी लागते. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बोलीतील संवेदनवाचक आणि अनुकरणवाचक शब्दांची मोठी नोंद करून ठेवली आहे. त्यांपैकी किती शब्द आज जिवंत आहेत आणि कोणत्या अर्थाने, एवढा एकच प्रश्न घेऊन पदव्युत्तर स्तरावरील अनेक लघुप्रबंध सिद्ध होऊ शकतील.

या कामाला निकड आहे. शेतीची पद्धत, स्वयंपाकाची साधने आणि घरांची रचना बदलली की त्यांच्याशी निगडित इंद्रियानुभव बदलतात, आणि त्यांच्यामागोमाग शब्द मावळतात. शब्द मावळल्यानंतर जुन्या साहित्यातील ओळी छापील स्वरूपात शिल्लक राहतात, पण त्यांची चव, वास आणि स्पर्श वाचकापर्यंत पोहोचत नाही. मध्ययुगीन ग्रंथांच्या बाबतीत हे आज घडलेलेच आहे. त्या शब्दांसाठी टीपा लागतात. आजच्या ग्रामीण आणि दलित साहित्याच्या बाबतीत ते टाळता येण्यासारखे आहे, कारण ते शब्द बोलणारी आणि त्यांमागचा अनुभव घेतलेली माणसे अद्याप आहेत. प्रयोगशाळा मराठी अभ्यासकाच्या हाती नसली, तरी त्यांच्याकडे जाण्याची वाट त्याला मोकळी आहे.